दुसऱ्या जागेची तजवीज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शेअर बाजार शनिवारी बंद असतो, हे ज्यांचा शेअरशी काडीचाही संबंध नाही त्यांनाही ठाऊक असतं. तरी २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, बाजार उघडला. सकाळी सव्वानऊला सौदे सुरू झाले आणि दहाला थांबले. साडेअकराला पुन्हा सुरू झाले आणि साडेबाराला संपले. त्याच वर्षी १८ मे रोजी, पुन्हा एका शनिवारी, असाच दोन तुकड्यांतला बाजार भरला. मधल्या दीड तासात काय झालं? घरी बसून शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळं दिसलं नाही. पण त्या दीड तासात बाजारानं गाव बदललं होतं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजपुरतं बोलायचं तर पहिले सौदे मुंबईच्या संगणकांवर झाले आणि नंतरचे चेन्नईच्या. मुंबईत काही जळलं नव्हतं, बुडालं नव्हतं. जळलं किंवा बुडालं तर काय करायचं, याची ती रंगीत तालीम होती.

ही जी चेन्नईची जागा आहे, तिला संगणकवाले ‘डिझास्टर रिकव्हरी साइट’ म्हणतात. लाडानं ‘डीआर’. शासकीय परिभाषेत तिला ‘आपत्ती-पुनर्प्राप्ती-स्थळ’ असं काहीतरी म्हणावं लागेल आणि तो शब्द उच्चारेपर्यंत आपत्ती येऊन निघूनही जाईल. मी कवी माणूस. मी तिला साधं ‘दुसरी जागा’ म्हणतो. आणि तिची व्यवस्था करण्यासाठी आपल्याकडे एक जुना, अरबी-फारसीच्या वाटेनं आलेला आणि मराठी दफ्तरांत मुरलेला शब्द आहे – तजवीज. संकट येण्यापूर्वी केली तरच ती तजवीज. नंतर केली तर तिला धावपळ म्हणतात.

दुसऱ्या जागेचे प्रकार सांगायला मला न्हाणीघरातला बंब फार उपयोगी पडतो. पाणी थंड असतं, कोमट असतं, कढत असतं. या जागाही तशाच – कोल्ड साइट, वॉर्म साइट, हॉट साइट. थंड जागा म्हणजे रिकामा हॉल. वीज आहे, वातानुकूलन आहे, खालून तारा नेता याव्यात म्हणून उंच उचललेली फरशी आहे, पण यंत्र एकही नाही. आपलं जळालं की विक्रेत्याकडून यंत्रं मागवायची, मांडायची, जोडायची. बंबात पाणी आहे, पण लाकडं अजून वखारीत आहेत. आंघोळ व्हायला दिवस लागतील, कधी आठवडेही. कोमट जागेत यंत्रं मांडलेली असतात, तारा जोडलेल्या असतात, पण त्यांच्या पोटातला हिशेब कालच्या रात्रीचा, नाहीतर गेल्या आठवड्याचा. ताज्या हिशेबाच्या फिती गाडीतून आणायच्या आणि चढवायच्या. काही तास, फार तर दिवस-दोन दिवस. कढत जागेत यंत्रं चालूच असतात. इकडे एक नोंद झाली की क्षणात तिकडे तिची नक्कल होते. इकडचा दिवा विझला की तिकडचा पेटायचा. गंमत अशी की, या ‘हॉट’ जागेत प्रत्यक्षात स्वेटर घालून बसावं लागतं, इतकी तिथं यंत्रांसाठी थंडी केलेली असते.

यातली कुठली निवडायची, हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. आपलं काम किती वेळ बंद पडलं तर चालेल? आणि मागचं किती विसरलं गेलं तर चालेल? पहिल्याचं संक्षिप्त नाव ‘आरटीओ’ – गाडीचं लायसन काढतो ते ऑफिस नव्हे – आणि दुसऱ्याचं ‘आरपीओ’. मला हे दोन प्रश्न यंत्रांचे वाटतच नाहीत. एखाद्या संस्थेनं आधीच बसून, शांत डोक्यानं, आपण किती नुकसान सोसायचं हे ठरवायचं असतं. थंड जागा स्वस्त, कढत जागा महाग. त्यामुळं ही उत्तरं बहुधा हिशेबनीस देतो. पण सोसावं लागतं ते खातेदाराला, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते.

इतिहासाची सुरुवात मात्र यंत्रापासून होत नाही. ती अळंब्यांपासून होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हर्मन नाउस्ट नावाचा अळंब्यांचा मोठा व्यापारी होता. १९३६ साली त्यानं अळंबी पिकवायला लोखंडाची एक बंद पडलेली खाण विकत घेतली. पुढं अळंब्यांचा धंदा बसला आणि जगावर अणुबॉम्बची छाया पडली. तेव्हा त्याच खाणीत १९५१ मध्ये त्यानं कागदपत्रं सांभाळायची कंपनी काढली. तिचं नाव आयर्न माउंटन. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कची एक बचत बँक होती. ठेवीदारांच्या नोंदींच्या मायक्रोफिल्मवरच्या नकला ती डोंगराच्या पोटात ठेवू लागली. शहरावर बॉम्ब पडला तरी कुणाचे किती डॉलर जमा आहेत हे कळलं पाहिजे, अशी ती कल्पना. ठेवीदारच उरला नाही तर काय, हा प्रश्न बँकेनं विचारला नसावा. ती नक्कल होती, जागा नव्हे. नक्कल सुरक्षित असली तरी ती वाचायला, चालवायला माणसं आणि खोली लागते, हे लोकांना उशिरा कळलं.

कळलं ते १९७० च्या दशकात. तोवर मोठ्या कंपन्यांचा पगार, बिलं, खाती सगळं एकेका अजस्र संगणकावर गेलं होतं. तो संगणक एक आणि त्याची खोलीही एक. सुरुवातीला कंपन्यांनी शेजारधर्माचा मार्ग काढला. सारखंच यंत्र असलेल्या दोन कंपन्यांनी करार करायचा की, तुझं जळलं तर माझ्याकडे ये, माझं जळलं तर मी तुझ्याकडे येतो. कागदावर फार सुंदर. पण शेजाऱ्याकडे चार दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या चुलीवर आपली खानावळ चालवणं वेगळं. त्याचं यंत्र त्याच्याच कामानं भरलेलं असायचं, आणि करार झाल्यावर त्यानं प्रणाली बदललेली असायची. मग १९७८ च्या सुमारास फिलाडेल्फियात सन ऑइल या तेल कंपनीच्या संगणक विभागातून भाड्यानं मिळणारी तयार ‘हॉट साइट’ निघाली. हाच विभाग पुढं १९८३ मध्ये वेगळा होऊन सनगार्ड झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय बँकांना, अशी पर्यायी सोय हवी, असं नियंत्रकांनी बजावलं आणि धंद्याला बरकत आली.

या धंद्याचं गणित आपल्या मंगल कार्यालयासारखं होतं. हॉल एक, पण तो अनेक वधूपित्यांनी राखून ठेवलेला. भरवसा एवढाच की, सगळ्यांचा मुहूर्त एकाच दिवशी येणार नाही. आगी वेगवेगळ्या इमारतींना वेगवेगळ्या दिवशी लागतात, हे खरंच आहे. पण ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल गावात टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. सुमारे ३५ हजार ग्राहकांचे फोन मुके झाले आणि आसपासच्या मोठ्या टापूचा संपर्क आठवडे विस्कळीत राहिला. कुठल्याही कंपनीचा संगणक जळला नव्हता. यंत्र इथं ठीक, तिथंही ठीक. मधली तार गेली. आणि ती एकाची नव्हे, सगळ्यांचीच गेली. दुसरी जागा म्हणजे चार भिंती नव्हेत, तिथवर जाणारी वाटही आहे, हे तिथं स्पष्ट दिसलं. ते पुढं किती जण विसरले, ते आपण पाहूच.

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला. सहा माणसं गेली. वरच्या मजल्यांवरची यंत्रं शाबूत होती, पण इमारतीत वीज नाही आणि कुणालाही वर जाऊ देत नाहीत. आपलं काही न मोडताही आपण आपल्या घराला पारखे होऊ शकतो, हा धडा त्या दिवसाचा.

दोनच आठवड्यांनी, १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी, तेच आपल्या मुंबईत झालं. त्या दिवसाबद्दल मी इथं थोडंच बोलणार आहे. माझ्या पिढीच्या मुंबईकराला आणि कोकणातल्या मुसलमानाला त्याबद्दल थोडं बोलणं जमत नाही म्हणूनच. दुपारी दीडच्या सुमारास पहिला स्फोट झाला तो शेअर बाजाराच्या तळघरात. शहरभरातल्या स्फोटांत मिळून २५७ माणसं गेली. आणि सोमवारी शेअर बाजार पुन्हा उघडला. तेव्हा त्याचं फार कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण तो उघडू शकला याचं एक कारण असं की, त्या वेळी तिथले सौदे माणसं रिंगणात उभी राहून ओरडून करत होती. गळा, हात, वही आणि ओळख, एवढ्या सामग्रीवर बाजार चालायचा. संगणकावरचे सौदे तिथं १९९५ मध्ये आले. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर त्याच्या काही महिने आधी, १९९४ च्या नोव्हेंबरात. ओरडणाऱ्या बाजाराला दुसरी जागा म्हणून एखादं मोठं सभागृह पुरलं असतं. संगणकावरच्या बाजाराला ते पुरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र १९९३ चा धडा एका बाजारानं मनावर घेतला. न्यूयॉर्क बोर्ड ऑफ ट्रेड या नावानं पुढं ओळखला गेलेला हा बाजार कॉफी, कोको, साखर, कापूस, संत्र्याचा रस यांच्या वायद्यांचा. तिथं सौदे ओरडूनच व्हायचे. त्यांनी नदीपलीकडे क्वीन्समध्ये एक पर्यायी जागा घेऊन ठेवली. रिंगणं आणि फोनसुद्धा तिथं तयार होते. वर्षानुवर्षं तिचं भाडं भरलं. असलं भाडं भरणाऱ्या अधिकाऱ्याकडे वार्षिक सभेत लोक कसं बघतात, ते मला बँकेत नोकरी केल्यामुळं चांगलं माहीत आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्यांची मूळ इमारत नष्ट झाली आणि पुढच्या सोमवारी, १७ सप्टेंबरला, क्वीन्समध्ये सौदे सुरू झाले. जागा अपुरी, म्हणून तास कमी करून प्रत्येक मालाची पाळी लावली. कॉफीवाले उठले की साखरवाले रिंगणात.

त्याच दिवशी कँटर फिट्झगेराल्ड या कंपनीचं जे झालं, ते मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुस्तक खाली ठेवावं लागतं. कंपनी सरकारी रोख्यांचे सौदे करायची. कचेरी उत्तर मनोऱ्याच्या १०१ ते १०५ मजल्यांवर. विमान त्यांच्या खालच्या मजल्यांवर घुसलं. कचेरीत असलेला एकही माणूस वाचला नाही. कंपनीचे ६५८ लोक गेले. प्रमुख हॉवर्ड लटनिक वाचले, कारण त्या सकाळी ते मुलाला बालवाडीच्या पहिल्या दिवशी सोडायला गेले होते. त्यांचा भाऊ गेला. कंपनीची दुसरी जागा न्यू जर्सीत होती, कढत होती, आणि लंडनची कचेरी मदतीला होती. १३ सप्टेंबरला रोख्यांचा बाजार उघडला तेव्हा कंपनीची प्रणाली चालू होती. तंत्रज्ञांच्या पुस्तकांत हे यशाचं उदाहरण म्हणून येतं.

पण यंत्रं चालू झाली तरी कित्येक फायली उघडेनात. त्यांचे पासवर्ड ज्यांना माहीत होते ती माणसंच राहिली नव्हती. त्यांनी ते कुठं लिहून ठेवले नव्हते, कारण पासवर्ड लिहून ठेवायचा नसतो हे शहाण्या माणसाला शिकवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचे तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं, माणसं पासवर्ड करतात ते आपल्या आयुष्यातल्या गोष्टींचेच. तेव्हा मेलेल्यांच्या घरी फोन करावे लागले. लग्नाची तारीख कुठली? कुत्र्याचं नाव काय? लटनिक यांनी हे पुढं, २०१४ मध्ये छापून आलेल्या एका लेखासाठी, सांगितलं आहे. ज्या बाईचा नवरा आदल्या दिवशी गेला, तिला विचारायचं की तुमच्या लग्नाची तारीख कोणती, आणि ते कशासाठी, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडायचा आहे म्हणून. थंड, कोमट, कढत या तीन शब्दांत हे कुठं बसवायचं, मला कळत नाही. माणसाची दुसरी जागा नसते.

बँक ऑफ न्यूयॉर्कची गोष्ट निराळी. तिथं माणसं वाचली, पण मॅनहॅटनमधल्या तिच्या कामाच्या इमारती आघाताच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रिकाम्या कराव्या लागल्या आणि शेजारची टेलिफोनची मोठी इमारत जखमी झाल्यानं तारा तुटल्या. सरकारी रोख्यांची देवघेव मिटवणारी ही एक प्रमुख बँक. तिचा हिशेब दिवसेंदिवस लागेना, तशी इतर बँकांची नाडीही मंदावली. हिन्सडेलला तेरा वर्षं झाली होती.

आणखी एक विलक्षण बाब. या वेळी पर्यायी जागा भाड्यानं देणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी कॉमडिस्को ही स्वतःच दोन महिन्यांपूर्वी, जुलै २००१ मध्ये, दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली होती. तशा अवस्थेतही तिनं गिऱ्हाइकांना जागा दिल्या. वर्षअखेरीस तिचा हा विभाग सनगार्डनं विकत घेतला. पुढं सनगार्डच्या याच शाखेवर, स्वतंत्र झाल्यानंतर, २०१९ आणि २०२२ मध्ये तीच पाळी आली. दुसऱ्यांच्या संकटाची तजवीज करणाऱ्यांनाही त्यातून सुटका नाही.

आता प्रश्न अंतराचा. दुसरी जागा किती दूर हवी? २००२ साली अमेरिकी नियंत्रकांनी एका मसुद्यात दोनशे-तीनशे मैलांचं किमान अंतर असावं का, असं विचारलं. न्यूयॉर्कमध्ये गदारोळ झाला. एवढ्या दूर जागा न्यायची तर नोकऱ्याही जातील, ही भीती. २००३ मध्ये अंतिम कागद आला तेव्हा त्यात मैलांचा आकडा नव्हता. पण केवळ राजकारणच आडवं येतं असं नाही, प्रकाशाचा वेगही येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-चेन्नई अंतर हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागणारच. आपल्याला तो काहीच वाटत नाही, पण प्रत्येक सौद्यासाठी तिकडून ‘लिहिलं’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर बाजार रांगेत उभा राहील. म्हणून अगदी तंतोतंत नक्कल हवी असेल तर जागा साधारण शंभर किलोमीटरच्या आत लागते, आणि पूर, भूकंप यांतून वाचायचं तर दूर लागते. दोन्ही एकाच जागेत साधत नाही. मोठ्या संस्था मग तीन जागा करतात – मूळ, जवळची आणि दूरची. जवळची विसरू नये म्हणून, दूरची मरू नये म्हणून. आपल्या सेबीनं २०१२ साली शेअर बाजारांना सांगितलं की, दूरची जागा शक्यतो वेगळ्या भूकंप-क्षेत्रात हवी, नाहीच जमलं तर निदान पाचशे किलोमीटरवर. याची गरज मुंबईकराला पटवून द्यायला नको होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अंधेरी काय आणि कुर्ला काय, सगळे एकाच पाण्यात होते.

चेन्नईचं नाव निघालं की मला जिंजी आठवते. मराठी माणसाला आठवावीच. चेन्नईपासून ती दीडशे किलोमीटरच्या आसपास. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण स्वारीत ती घेतली आणि मजबूत केली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांनंतर रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज गडावरून निसटले आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जिंजीला पोचले. रायगड पडला, पण राज्य पडलं नाही. ते जिंजीहून चाललं. पुढं जिंजीला वेढा पडला तो १६९८ पर्यंत टिकला. संगणकवाल्यांच्या भाषेत ती कोमट जागा म्हणायची – तटबंदी होती, दाणागोटा होता, पण राज्याचा कारभार तिथं नव्हता. मला त्या प्रसंगात जिंजीच्या तटापेक्षा येसूबाईंचा निर्णय मोठा वाटतो. राजारामांनी बाहेर पडावं हा सल्ला त्यांचा. स्वतः त्या बाल शाहूंना घेऊन रायगडावर राहिल्या आणि कैदेत गेल्या. जागा कितीही तयार असो, वेळेवर कुणीतरी ‘निघा’ म्हणावं लागतं. आणि ज्यानं ते म्हणायचं, त्याला बहुधा त्याची किंमत मोजावी लागते.

‘निघा’ न म्हटल्याचं उदाहरण २४ फेब्रुवारी २०२१ चं आहे. सकाळी अकरा चाळीसला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले. रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामानं तारा अस्थिर झाल्या, त्यातून साठवणुकीची प्रणाली अडकली आणि सौद्यांमागची जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली, असं नंतर सांगण्यात आलं. पुन्हा तार! चेन्नईची जागा होती. कढत होती. पण बाजार तिकडे गेला नाही. मूळ जागीच दुरुस्ती करत दुपारी पावणेचारला व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवले. दुसऱ्या दिवशी वायद्यांची मुदत संपणार होती. बाजार पुन्हा उघडणार की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून काही दलालांनी आपल्या गिऱ्हाइकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाला उरकून टाकले. नुकसान झालं ते छोट्या माणसाचं. २०२३ मध्ये एक्स्चेंज आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीनं मिळून सुमारे ७२ कोटी रुपये भरून सेबीशी हे प्रकरण मिटवलं.

न जाण्याचं कारण समजण्यासारखं आहे. दुसऱ्या जागी जायचं म्हणजे आपली पहिली जागा हरली, हे जाहीर करायचं. ‘दहा मिनिटांत होईल’ असं प्रत्येक तंत्रज्ञ प्रामाणिकपणे म्हणत असतो आणि अशा दहा-दहा मिनिटांनी दुपार होते. सेबीनं पुढच्याच महिन्यात नियम बदलला तो नेमका इथं. अडथळा आल्यापासून तीस मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत काम सुरू करायचं. पूर्वी यासाठी चार तास होते. मला या नियमात पंचेचाळीसपेक्षा आधीचा तीसचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ‘निघा’ म्हणायलाही त्यांनी घड्याळ लावलं.

तालमींचं महत्त्व मला एका रविवारी कळलं. मी ज्या बँकेत होतो, तिच्या दुसऱ्या जागेच्या तालमीला आम्हा काही जणांना शाखांतून बोलावलं होतं. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. यंत्रं वेळेत सुरू झाली, शिल्लक जुळली, साहेब खूष झाले. भिंतीवर, संकटात कुणाला फोन करायचा, त्यांची यादी होती. चहाच्या वेळी सहज वाचत गेलो. पहिली तीन नावं निवृत्त झालेल्यांची होती. चौथे गृहस्थ वारले होते. त्यांच्या मयताला मी गेलो होतो. यादी बदलायला हवी असं मी म्हटलं, तेव्हा कळलं की ती लावणाराही निवृत्त झालाय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला. बँकांच्या तळमजल्यावरच्या शाखा पाण्यात गेल्या, यंत्रं चिखलात गेली. पण लोकांची खाती बुडाली नाहीत, कारण आता शाखेत खातं नसतंच. ते दूरच्या कुठल्यातरी शहरात असतं. माझ्या उमेदीच्या काळात असं झालं असतं तर लेजरं उन्हात वाळत घालावी लागली असती. त्याच पाण्यात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली. १८६४ सालचं वाचनालय ते. २००५ मध्येही त्याचं तेच झालं होतं. खात्यांना दुसरी जागा मिळाली, पुस्तकांना मिळाली नाही, याचं मला वैषम्य वाटतं. पण खात्यांचंही सगळं गोड नव्हतं. वीज नाही, संपर्क नाही. पैसे सुखरूप आहेत पण हातात येत नाहीत. घरातला चिखल काढणाऱ्या माणसाला ते पुरेसं नसतं.

अलीकडे आणखी एक पेच आला आहे. पाणी, आग, बॉम्ब यांच्याविरुद्ध कढत जागा उत्तम. पण शत्रू तारेतूनच आत आला तर? खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे हल्लेखोर मूळ जागी शिरले की, तंतोतंत नक्कल करणारी दुसरी जागा त्या विषाचीही तंतोतंत नक्कल करते. जुलै २०२४ च्या अखेरीस आपल्याकडे सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर असा हल्ला झाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती तंत्रसेवा पुरवते. हल्ला पसरू नये म्हणून तिला देशाच्या देयक-व्यवस्थेपासून तोडण्यात आलं आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार १ ऑगस्टपर्यंत अडले. यावर उपाय म्हणून लोक पुन्हा तारेशी न जोडलेल्या, कालच्या किंवा परवाच्या नकला ठेवू लागले आहेत. म्हणजे फिरून थंड आणि कोमटच. ज्याला आपण मागासलेलं म्हणत होतो, त्याचं मोल परत आलं.

आणि काही ठिकाणी तर कुठलंच पाणी नसतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. जगातल्या सर्वांत संगणकी सरकारांपैकी हे एक. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. बऱ्याच हळूहळू परत आल्या. परत आला नाही तो ‘जी-ड्राइव्ह’, सरकारी नोकरांचा सामायिक साठा, ८५८ टेराबाइटचा. त्याची दुसरीकडे नक्कलच नव्हती; आकार फार मोठा म्हणून ठेवली नव्हती, असं सांगण्यात आलं. कर्मचाऱ्यांना २०१८ पासून सूचना होती की, कामाचे कागद आपल्या संगणकावर न ठेवता या साठ्यातच ठेवा. ज्या खात्यानं ही सूचना सर्वांत निष्ठेनं पाळली, त्याचंच सर्वांत जास्त गेलं. आग विझल्यावर तिथले कारकून कामाला बसले. कुणाच्या ईमेलमध्ये एखादा मसुदा सापडतो का, कुणी नियम मोडून आपल्या यंत्रावर काही ठेवलंय का, कुणाच्या खणात छापलेली प्रत आहे का, हे एकमेकांना विचारत त्यांनी वर्षानुवर्षांचं काम पानापानानं पुन्हा जुळवायला घेतलं.